कडीवरचा टॉवेल

कोराडीच्या आमच्या कॉलनीत दाराच्या कडीला टॉवेल लटकत असला की बेल वाजवायची नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण कोणी मोडलेला मी पाहिलेला नाही. टॉवेल म्हणजे घरातला माणूस वीज केंद्रातून रात्रपाळी करून आलाय आणि आता झोपलाय. दूधवाला पिशवी उंबऱ्याशी ठेवून जातो, पाहुणा जिन्यात उभा राहून फोन करतो. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा सासूबाई काही दिवस सोबत राहिल्या होत्या. गावी परतताना त्यांनी स्वयंपाकाचं काही सांगितलं नाही, टॉवेल विसरू नको एवढंच सांगितलं.

टॉवेल लावला की घरातल्या बाईनं चोरासारखं वावरायचं. मिक्सर बंद, बांगड्या कोपराकडे सरकवलेल्या, कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बारीक. आणि कान सगळा आतल्या खोलीकडे. आतून घोरण्याचा आवाज सुरू झाला की सुटले. मग खाली उतरून भाजी घ्यावी, कुणाशी दोन शब्द बोलावे. गॅलरीतून एक बाई दुसरीला विचारायची, "घोरून राहिले का?" आणि दुसरीनं मान हलवली की दोघींच्या जिवाला बरं वाटायचं. जिचा नवरा जास्त जोरात घोरतो ती जास्त भाग्यवान, असा आमचा हिशेब. घोरणं म्हणजे गाढ झोप, आणि गाढ झोप म्हणजे संध्याकाळी घरात आदळआपट नाही. आम्ही सगळ्या जणी ह्या शास्त्रात तयार झालो होतो, आणि कॉलनीबाहेरच्या कोणी आम्हाला कधी तपासलं नाही.

म्हणून आमची मुलगी घोरायला लागली तेव्हा मला आनंदच झाला. तेव्हा ती नर्सरीत होती. उन्हाळाभर कूलरच्या घरघरीत तिचा आवाज कळला नव्हता. कूलर बंद करून झाकून ठेवला तेव्हा तो नीट ऐकू आला, बारीक पण अगदी बापाच्या चालीवरचा. सासूबाईंना फोनवर ऐकवला तर त्या म्हणाल्या, बापावर गेली. मधेच तो आवाज थांबायचा. नवऱ्याचा थांबला की ते जागे होणार हे मला ठाऊक होतं, म्हणून तिचाही थांबला की मी तिला थोपटायची. ती एक मोठा आचका देऊन कूस बदलायची आणि पुन्हा घोरायला लागायची. लागली बाई झोप, असं म्हणून मी माझ्या कामाला लागायची.

झोपेत इतकी गुणी असलेली पोर जागेपणी मात्र माझ्या नाकी नऊ आणायची. सकाळी उठायची तीच रडत. दूध प्यायला बसली की पेला फेकायची, वेणी घालू द्यायची नाही. शाळेच्या ऑटोत बसल्या बसल्या पेंगायची आणि शाळेत उतरली की अंगात वारं शिरल्यासारखी धावत सुटायची. कुणाला चाव, कुणाचे केस ओढ, कुणाची पाण्याची बाटली खिडकीतून बाहेर टाक. बाईंनी बसवलं तर खुर्चीवरून घसरून बाकाखाली. मग दुपारी घरी येऊन माझ्याच मांडीवर डोकं ठेवून हुंदके देत रडायची, आणि का रडतेस विचारलं तर तिला सांगता यायचं नाही.

सल्ला द्यायला पैसे पडत नाहीत. एकुलती एक आहे म्हणून लाडावली. मोबाईल दाखवता म्हणून बिघडली. कोणी वेखंड उगाळून लावायला सांगितलं, कोणी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. एकीनं तर ह्या सगळ्याचा दोष वीज केंद्रातून उडणाऱ्या हवेतल्या राखेवर ढकलला, जशी काही राख फक्त माझ्याच पोरीच्या डोक्यात जाते. मी सगळं ऐकून घेतलं आणि जमेल तेवढं केलंही. पालथ्या घड्यावर पाणी.

हळूहळू आमच्याकडे येणं कमी झालं. कोणी भांडलं नाही. भांडली असती तर मीही दोन ऐकवल्या असत्या, तेवढी मी खमकी आहे. वाढदिवसाचे फुगे खालच्या दारावर दिसायचे, गाण्यांचा आवाज वर यायचा, आणि माझी पोर गॅलरीच्या गजांत तोंड खुपसून बघत राहायची. तोंड कायम उघडंच. मला त्या काळात जगात एकच गोष्ट हवी होती. कॉलनीतल्या एखाद्या पोरानं आमची बेल वाजवावी आणि विचारावं, ती खेळायला येते का?

तान्ह्या पोळ्याला तेवढीही आशा संपली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं लाकडाचे बैल सजवून मैदानात आणतात, मग घरोघर फिरवतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. मी तिच्या बैलाला झूल शिवली होती, शिंगांना बेगड लावली होती. मुलांची रांग लागली. रांगेत उभं राहणं तिला जमत नव्हतंच. खालच्या मजल्यावरची मुलगी तिच्या पुढे होती. तिच्या बैलाला हिचा बैल लागला, ती काहीतरी म्हणाली, आणि हिनं बैल उचलून तिच्या कपाळावर मारला. शिंगानं भुवईवर जखम झाली. रक्त बघून ती मुलगी ओरडली, आणि तिच्याहून जोरात माझी पोर ओरडत राहिली. मी तिला उचलून जिने चढले. 

त्याच आठवड्यात शाळेनं बोलावलं. बाई वाईट नव्हत्या. दिवाळीपर्यंत बघू म्हणाल्या, नाही तर पुढच्या वर्गात घेता येणार नाही, तुम्ही दुसरी शाळा शोधा.

त्यानंतर मी रोज टॉवेल लावायला लागले. नवरा पहिल्या पाळीला गेलेला असला, घरात कोणी झोपलेलं नसलं, तरी कडीला टॉवेल. आता कोणी येत नव्हतं ते टॉवेलमुळे. तेवढंच मनाला पटवायला बरं. एक दिवस नवरा दुपारी घरी आले तर त्यांच्याच दारावर टॉवेल. ते जिन्यात उभे राहिले आणि तिथून मला फोन केला, "कोण झोपलं आहे वं घरात?" कोणी नाही म्हटलं. मग ते आत आले. टॉवेलची घडी केली, खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि जेवायला बसले. आमचं बोलणं तसंही पाळीच्या वेळांपुरतंच उरलं होतं. मी उठायची तेव्हा ते यायचे, मी बोलायला मोकळी व्हायची तेव्हा ते झोपलेले. जागे असले की चिडलेले.

पोरीला घेऊन मी प्रताप नगरला ताईकडे गेले. चार दिवस राहायचं, एवढंच ठरवलं होतं. ताईच्या घरी सगळे बँकेत आणि ऑफिसात, रात्री झोपतात आणि सकाळी उठतात. तिथे दिवसा कोणी झोपलं की शेजारी विचारतात, बरं नाही का? जेवण झाल्यावर पोर दिवाणावर पडली आणि तिचा नेहमीचा आवाज सुरू झाला. ताई तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"काहून वं, हे पोट्टी रोजच असं घोरते?"

मी जरा अभिमानानंच म्हटलं की रोजच, झोप चांगली आहे तिची, तेवढं एक सुख आहे.

ताई उठून दिवाणाजवळ गेली. पोर मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून झोपली होती. कपाळावरचे केस घामानं चिकटले होते. आवाज थांबला. मी सवयीनं थोपटायला हात पुढे केला तर ताईनं माझं मनगट धरलं. छाती वर ओढली जात होती, पण नाकातोंडातून काही येतजात नव्हतं. मग आचका बसला आणि पोर पुन्हा घोरायला लागली.

"हे झोपून नाही राहिली," ताई म्हणाली. "हे श्वासासाठी भांडून राहिली."

धंतोलीतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे ताईच घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी आधी पोरीकडे न बघता मला प्रश्न विचारले. तोंड उघडं ठेवून झोपते का? डोकं घामेजतं का? मान मागे टाकते का? अंथरूण ओलं करते का? सकाळी उठताना रडते का? मी हो हो म्हणत गेले आणि प्रत्येक होबरोबर मला समोरचं टेबल उलथून टाकावंसं वाटायला लागलं. नाकाच्या मागे, टाळूच्या वर मांसाचा गोळा वाढला होता. श्वासाची वाट त्यानं बुजवली होती. श्वास अडला की मेंदू तिला अर्धवट जागं करायचा. रात्रभर हेच. मी विचारलं की मग ती दिवसा पेंगत का नाही, उलट सैरावैरा का धावते?

त्या म्हणाल्या, "मोठ्यांची झोप झाली नाही तर ते पेंगतात. लहान मुलांची झाली नाही तर ती अंगावर येतात."

पश्चात्ताप वगैरे मला झाला नाही, उगाच खोटं कशाला लिहू. मला राग आला. एवढी मोठी कॉलनी, इतक्या बायका, घोरणं ऐकण्यात आमचं आयुष्य गेलं, आणि एकीलाही हे ठाऊक असू नये! त्याहून जास्त मला पोरीची कीव आली. सगळे तिला स्वतःला आवर म्हणत होते. आवरायला लागणारं बळ झोपेतून येतं, आणि झोप तिला माहीतच नव्हती.

नाकात मारायचं औषध आधी देऊन पाहिलं, फार फरक पडला नाही. दिवाळीच्या सुटीत ऑपरेशन झालं. नवऱ्यांनी रजा काढली, पण दवाखान्यातही बाकावर बसल्या बसल्या ते घोरले, आणि समोरच्या बाईनं हसू दाबलं. ऑपरेशननंतर काही दिवस सूज होती, तोवर तसंच चाललं. मग एका दुपारी पोर झोपली आणि घरात काहीच ऐकू येईना. मी दोनदा जाऊन नाकाखाली बोट धरलं. श्वास येत होता, जात होता, मुकाट्यानं. तोंड मिटलेलं होतं. तिची मिटलेली जिवणी मी तोवर झोपेत कधी पाहिलीच नव्हती. मी तिथेच जमिनीवर बसून खूप रडले. कोणाला हाक मारावी असं माझ्या घरात कोणी जागं नव्हतं.

जादू काही झाली नाही. हट्ट आहे, तोंडाळपणाही आहे, तो माझा आहे. पण चावणं थांबलं. सकाळी ती माझ्याआधी उठून गॅलरीत उभी राहायला लागली. शाळेच्या बाईंनी आता दुसरी शाळा शोधू नका म्हणून सांगितलं, म्हणजे शाळा राहिली. कॉलनी मात्र विसरत नाही. खालच्या मुलीच्या भुवईवर पांढरी रेघ होती, आणि जिन्यात भेट झाली की तिची आई मुलीला आपल्या मागे घ्यायची. सुधारली म्हणून काय मी दवंडी पिटू?

संक्रांत झाल्यावरची गोष्ट. नवऱ्यांची रात्रपाळी होती. टॉवेल लावलेला होता, आणि ह्या वेळी खरा होता. आतून घोरणं चालू होतं, मी भाकरी थापत होते. पोर शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि बाहेर गेली. थोड्या वेळानं बेल वाजली.

इतक्या वर्षांत टॉवेल असताना आमची बेल कधी वाजली नव्हती. मी पिठाच्या हातांनी धावले. दारात खालची मुलगी उभी होती, हातात भातुकलीची पिशवी. तिच्या मागे माझी पोर, टॉवेल छातीशी धरून. तीच खाली जाऊन बोलावून आली होती. टॉवेल असला की ती बेल वाजवत नाही म्हणून मी काढला, असं तिनं मला समजावून सांगितलं. खालच्या मुलीनं मला विचारलं, "काकू, ती खेळायला येते काय?"

ये म्हणाले. आणि लगेच आतल्या खोलीकडे वळले, कारण तिथलं घोरणं थांबलं होतं. आता आरडाओरडा होणार. पोरीसमोर, त्या दुसऱ्या पोरीसमोर, आणि ती पुन्हा कधी यायची नाही.

नवरा पलंगाच्या काठावर बसले होते. मी हळूच म्हटलं की लेकरं आहेत, तुमची झोप मोडली, आज एवढं चालवून घ्या.

"झोप लागतेच कुठं वं मले," ते म्हणाले. "डोळा लागला का दचकून उठतो, मंग नुसता पडून राहतो. तुम्ही दोघी इतक्या जपता, मग सांगू कसं?"

बाहेरच्या खोलीत भांडी खणखणायला लागली होती. मी त्यांच्याकडे बघितलं. कोरडे पडलेले ओठ, लाल डोळे, पोरीसारखीच मागे टाकायची सवय लागलेली मान. भिंतीच्या अलीकडे बसून मी वर्षानुवर्षं ज्याची राखण केली ते तिथे कधी नव्हतंच. मी म्हटलं, त्याच डॉक्टरबाईंकडे जाऊ. ते नाही म्हणाले नाहीत.

पोरीनं टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला होता. मी त्यानं त्यांची मान पुसली. थंडीचे दिवस होते, आणि ती घामानं ओली होती.