राजाच्या गालावरची हळद

बायको गेल्यानंतर काही महिने मी कशालाच नाही म्हटलं नाही. तिच्या साड्या पुण्याला नेऊ का, असं बहिणीने विचारलं. म्हटलं, चालेल. तिची कॉट शेजारच्यांना हवी होती, चालेल. ऑफिसात माझं टेबल खिडकीपासून हलवलं, तेही चालेल. एरवी चहात साखर जास्त पडली तरी घर डोक्यावर घेणारा माणूस मी. लोक म्हणायचे, किती सावरलाय. सावरलो वगैरे काही नव्हतो, आत काही हलतच नव्हतं.

मला रोमन नाण्यांचा नाद. दोन हजार वर्षांपूर्वी मिऱ्यांच्या बदल्यात ही चांदी जहाजांतून इकडे तमिळ मुलखात आली, ती अजून कुठे कुठे जमिनीतून निघते. एक नाणं मला आमच्याच शहरात, टी. नगरच्या एका सराफाकडे मिळालं. बायको जोडवी बघत होती, मी गर्दीला कावून कोपऱ्यात बसलो होतो, आणि दुकानदाराच्या मोडीच्या चांदीत ते दिसलं. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला खुर्चीवर बसलेली बाई. राजाच्या गालावर आडवा घाव होता. चांदी आतूनही खरी आहे ना, हे बघायला इथल्याच कुणीतरी त्या काळी छिन्नी मारली असणार.

घरी बायकोने भिंगातून बघितलं. "अगं बाई, किती लागलंय ह्याला," म्हणाली, आणि स्वयंपाकघरातून हळदीचं बोट घेऊन आली. घावात दाबून भरली. मी थयथयाट केला. जुनं नाणं साधं पुसायचंही नसतं, आणि ही त्याचं औषधपाणी करत होती!

"इतकी वर्षं कुणी विचारलं नाही बिचाऱ्याला," ती म्हणाली. "तुम्ही ओरडू नका."

पुढे दर लक्ष्मीपूजनाला ते नाणं पाटावर यायचं. खुर्चीवरच्या बाईला कुंकू आणि राजाच्या घावात हळद. ती वाळून अक्षरांतही बसली, त्यामुळे राजा कोणता ते ठरेना. बाप आणि त्याच्यामागून रोमच्या गादीवर आलेला सावत्र मुलगा, दोघांच्याही नाण्यांवर हीच बाई असते. ओळख पटते ती डोक्याभोवतीच्या अक्षरांवरून. शेवटी मीच माघार घेतली. तिच्या शेवटच्या दिवाळीत तिला उभं राहवत नव्हतं. खुर्चीवर बसून तिने हळद लावली. बोट थरथरलं, म्हणून थोडी राजाच्या कानालाही लागली.

शहरातच, तिरुवल्लिकेणीत माझे एक नाणेमित्र राहत, तंजावरकडचे मराठी, रेल्वेतून निवृत्त झालेले. मोबाइल मी उचलत नसे, म्हणून त्यांनी घरच्या फोनवर गाठलं. ते न ओळखलेलं नाणं घेऊन या, म्हणाले. मला घराबाहेर काढायचा बहाणा होता, कळत होतं. बसने गेलो.

त्यांनी नाणं उजेडात धरलं. हळदीचं त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"कोमट पाणीत घालू की, सार? घासणार नाही."

"चालेल," मी म्हणालो.

त्यांच्या पत्नींनी कॉफी आणली. नाणं स्टीलच्या वाटीत तळाशी पडून होतं. आम्ही ऑफिस, पेन्शन, पाणीटंचाई असं काहीबाही बोललो. मग त्यांनी नाणं काढलं, मऊ फडक्याने टिपलं आणि भिंगाखाली धरलं. "टी... आय... मुलाचं नाव, सार! मुलगाच!" त्यांना कोण आनंद झाला. इकडे सगळ्यात जास्त सापडतात ती ह्या मुलाचीच नाणी.

मी बघितलं. अक्षरं स्वच्छ, कान स्वच्छ. गालावरचा घाव अगदी रिकामा होता. मला काहीच वाटलं नाही. मी त्यांचे आभार मानले.

ते वाटी घेऊन मोरीकडे निघाले. माझ्यासमोरून जाताना पाणी हललं. पिवळंधमक होतं, कडेला किंचित लालसर. साड्या गेल्या, कॉट गेली, आता तिच्या बोटाचं एवढंच उरलं होतं आणि ते मोरीत चाललं होतं.

"ओतू नका!" मी ओरडलो. इतक्या मोठ्याने, की त्यांच्या पत्नी आतून धावत आल्या. मी वाटी हिसकावून घेतली, दोन्ही हातांत धरली आणि तिथेच उभ्या उभ्या रडलो. ओरडू नका, असं मला कुणीच म्हणालं नाही.