साडेआठचं शून्य

मी सांगलीत एका सरकारी कचेरीत कारकून आहे. कुठल्या खात्याच्या ते विचारू नका. पूर्ण पगार, पूर्ण वेळ. पूर्ण वेळ म्हणजे काय असतं, ते कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. एकदा एका केंद्राची पावसाची वही गहाळ झाली, तेव्हा शेजारच्या केंद्राचे आकडे बघून ती मीच पंख्याखाली बसून भरली होती. भरताना इतका रंगात आलो, की ३१ जूनलाही चार मिलिमीटर पाऊस पाडला. वही तपासली गेली, सह्या झाल्या, पुढे गेली. कुणाला काही कळलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे बनुबाईंसमोर मी किती पाण्यात होतो ते लक्षात येईल.

बनुबाई माण तालुक्यातल्या बोरजाईवाडीच्या. जिल्हा सातारा, पण केंद्र आमच्याच कचेरीखाली; दहिवडीहून एसटी बदलून जावं लागतं. गावाबाहेर तारेच्या कुंपणात आमचं पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठला कुलूप काढायचं, चोवीस तासांत किती पाऊस पडला ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. काम दहा मिनिटांचं, म्हणून कागदोपत्री त्या ‘अंशकालीन’. मानधनही दहा मिनिटांचंच, शेळ्यांच्या पेंडीला पुरलं तर पुरलं. एकतीस वर्षं हे चाललं होतं.

मग वरून आदेश आला. ज्यांची तीस वर्षं सलग सेवा झाली, त्यांना नियमित वेतनश्रेणी आणि पुढे पेन्शन. अट एकच, सेवेत खंड नको. बनुबाईंना साठ पूर्ण व्हायला चौदा महिने उरले होते. नवरा केरबा मुंबईत बाजारात पोती वाहून कंबर मोडून परत आलेला, दिवसभर बाजेवर. ही श्रेणी मिळाली तर म्हातारपण सुटणार होतं, नाही मिळाली तर साठीला नुसता नारळ. त्यांच्या वह्या तपासायला मला पाठवलं.

मी पोचलो तेव्हा सव्वाआठ झाले होते. मे महिना, आभाळ कोरडं ठणठणीत. बाई कुंपणाशी उभ्या. मनगटावर केरबाचं जुनं पुरुषी घड्याळ. काटा साडेआठवर आल्यावरच त्यांनी कुलूप काढलं. वरचं फनेलसारखं नसराळं उचललं, आतली बाटली काढली, मोजपात्रात उपडी केली आणि पात्र डोळ्यांसमोर धरून वाकून पाहिलं. आत एक थेंब नव्हता, हे मला दहा पावलांवरून दिसत होतं.

“बाई, सहा महिने पाऊस नाही. बघायचं काय त्यात?” मी म्हणालो.

“बगितल्याबिगर कसं लिवायचं, सायेब?” त्या म्हणाल्या, आणि वहीत लिहिलं, ०.०.

घरी त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. एकतीस वह्या, जुन्या लुगड्यात बांधलेल्या. मी जमिनीवर मांडी ठोकून बसलो. अकरा हजारांवर सकाळी, एकच हस्ताक्षर. माणातला पाऊस तो काय, पानंच्या पानं शून्यं. पण एकाही शून्याखाली ‘वरीलप्रमाणे’ची खूण नव्हती, प्रत्येक शून्य वेगळं, त्या त्या सकाळी लिहिलेलं. २०१२च्या दुष्काळातली वही तर मी दोनदा चाळली. तेव्हा प्यायला टँकर होता, जनावरं छावणीला गेली होती, आणि ही बाई रोज बाटली उपडी करून बघत होती.

“गावाला कधी गेला नाहीत?”

“मुक्कामी न्हाई. भनीच्या लग्नाला सांजंला गेले, अक्षता पडल्या, रातच्या गाडीनं मागारी. गाडी लय लेट झाली, पर साडेआठच्या आत आले.”

दहा मिनिटांच्या कामानं या बाईला एकतीस वर्षं वेशीला बांधून ठेवलं होतं. आम्ही त्याला अंशकालीन म्हणत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

आणि मग ते पान आलं. एप्रिल २००९. तेरा तारखेला शून्य, पंधराला शून्य. चौदाला एक आडवी रेघ. रेघ म्हणजे मोजलं नाही.

“रेश्मी अडली हुती,” बनुबाई हळूच म्हणाल्या. रेश्मा ही त्यांची लेक. “मिरजेच्या दवाखान्यात न्हेली. पोटातलं बाळ गेलं, पर लेक राहिली. त्या दिशी मी हितं नव्हते.”

एक दिवस. एका दिवसानं तीस वर्षं तुटत होती. मी दार लोटलं आणि पेन पुढे केलं. “रेघेला वाटोळं करा. एप्रिलमध्ये इथं पाऊस पडत नाही, सगळ्या जगाला माहीत आहे. मी काही पाहिलं नाही.”

बाजेवरून केरबा कळवळून म्हणाला, “लिव की गं! सायेब एवढं म्हंत्यात.”

त्यांनी पेन घेतलं. रेघेवर बोट ठेवलं. पेन्शन काय असतं ते त्यांना चांगलं कळत होतं. मग पेनाला टोपण लावून त्यांनी ते मला परत दिलं.

“आवं, मी बगितलं न्हाई त्या दिशी. पडलाबी आसंल, उनानं आटलाबी आसंल.”

केरबानं भिंतीकडे तोंड केलं. बनुबाई चहा टाकायला उठल्या.

परतीच्या एसटीत वही माझ्या मांडीवर, पेन माझ्या खिशात. वाटोळं करायला मला कोण अडवणार होतं? पण सांगली आली तरी माझा हात खिशाकडे गेला नाही. मिरजेला माझे अब्बा तंबोरे करत. तारेला झंकार देणारी जवारी मनासारखी लागेपर्यंत गिऱ्हाईकाला दारात ताटकळत ठेवत. त्यांचा मुलगा ३१ जूनला पाऊस पाडतो, हे त्यांना कधी कळलं नाही, तेवढं बरं झालं.

साहेब, वीरधवल देसाई, तरुण अभियंता. त्यांच्यासमोर मी ते पान सगळ्यात वर ठेवलं आणि माझ्या ३१ जूनची गोष्टही सांगून टाकली. म्हटलं, “हिनं एक दिवस पाहिला नाही तर तसं लिहिलंय. म्हणजे बाकीचे सगळे पाहिलेत.” साहेबांनी ते पान पुढे ओढून रेघ पाहिली. मग म्हणाले, “तुमचं आपण नंतर बघू. आधी हिचा सेवाखंड क्षमापित करण्याचा प्रस्ताव तयार करा, शाहनवाज.”

माझ्या आयुष्यात मी एवढं मन लावून टिपण लिहिलं नव्हतं. फाइल वर गेली, तीनदा शंका काढून परत आली, तीनदा मी उत्तर दिलं. आठ महिन्यांनी आदेश आला. बनुबाईंचं नाव त्यात होतं.

मला दम निघेना. दुसऱ्या दिवशी कचेरीत लवकर जाऊन फोन लावला.

“बनुबाई, शाहनवाज बोलतोय, सांगलीहून. तुमची ऑर्डर...”

“सायेब, जरा थांबा,” त्या म्हणाल्या. “साडेआठ झाल्यात.”

फोन तसाच चालू राहिला. कुलूप निघाल्याचा आवाज आला, पत्रा वाजला, मग काहीच ऐकू येईना. मी खुर्चीतून उठून फोन कानाला लावून उभा राहिलो. झाडूवाली मावशी माझ्याकडे बघायला लागली.

मग बाईंचा आवाज आला. “शून्य हाय. लिवलं. हां, आता बोला, काय म्हनत हुता?”