मिशा नसलेला खेकडा

मामा,

आपले विभागप्रमुख साहेब परवा गेले, हे तुम्हाला कळलं असेलच. म्हणून लिहितेय. दुखवटा करायला नव्हे.

सगळं कॉलेज तुम्हाला मामा म्हणायचं. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरण्या पुसणं, त्यातलं फॉर्मालिन बदलणं, प्रात्यक्षिकाची टेबलं मांडणं, असं एकतीस वर्षं केलंत. बेडकाला हात लावताना कुणी मुलगी कचरली की म्हणायचात, "घाबरू नका ताई, त्याची घाबरायची वेळ कधीच टळली."

संग्रहाच्या कपाटात जवळचे नातलग एका फळीवर, असा नियम. पण घोड्याच्या नालेसारख्या कवचाचा, लांब सुईसारख्या शेपटीचा तो नालखेकडा मात्र खेकड्यांत बसलेला. का, तर विंचू-कोळ्यांच्या कप्प्यात त्याची बरणी मावत नव्हती. तासाला मी त्याला विंचवांचा भाऊबंद म्हणून शिकवायचे आणि दाखवायचे खेकड्यांत. मला कधी खटकलं नाही, हे कबूल करते.

खटकलं ते तुम्हाला. फॉर्मालिन बदलताना त्याला ट्रेमध्ये उलटा ठेवून मला बोलावलंत.

"बाई, ह्याला मिशा नाहीत. खेकड्याला चार असतात."

"मिशा नाहीत म्हणून घराबाहेर काढायचं का?"

"उडवल्या असत्या तर गोष्ट वेगळी. ह्याला मुळातच नाहीत. आणि तोंडापुढचे हे बारके चिमटे बघा, सरळ विंचवाचे."

सुट्टीत तुम्ही स्वतः स्क्रू काढून कपाटातली फळी चार बोटं खाली घेतलीत आणि बरणी विंचवांशेजारी ठेवलीत. परीक्षेच्या दिवशी साहेबांनी ते पाहिलं.

"फडकं मारायला ठेवलंय तुम्हाला, नाती जुळवायला नाही."

मुलं हसली. मी तिथेच, हजेरीपटात डोकं खुपसून. तुम्ही बरणी उचलून परत खेकड्यांत नेलीत. आतलं फॉर्मालिन डुचमळत होतं.

दुपारी सामानाच्या खोलीत येऊन मी म्हणाले, "मामा, बरोबर तुमचंच होतं."

"ते मला माहीत आहे. साहेबांना सांगा. मुलांसमोर."

"सांगते. सोमवारी."

त्यानंतर कितीतरी सोमवारी तुम्ही माझ्या टेबलावर खडू ठेवताना क्षणभर थांबायचात. विचारलं मात्र कधी नाहीत. मलाच राग यायचा, तोही तुमचाच. आहे की नाही कमाल!

तुमच्या निरोप समारंभात साहेब तुमच्या प्रामाणिकपणावर वीस मिनिटं बोलले. मुलं समोर, मी साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत. तुम्ही हार घालून माझ्याकडे बघत होतात. मी साहेबांच्या कानाशी वाकले आणि विचारलं, फोटो आधी घ्यायचा की चहा.