बाबांचं रक्त

माझी आई म्हणजे खराब रक्ताची, हे आत्यानं सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. धाकट्या भावाचे सांधे सुजायचे, डोळे पिवळे व्हायचे, दुखण्यानं तो रात्रंदिवस कण्हायचा. की आत्या राजुऱ्याहून आलीच, ओसरीवर बसून आईच्या माहेराचा उद्धार करायला. बाबांना दुसरी बायको करून द्यायची, हेच तिचं पालुपद. बाबा बिडी ओढत ऐकायचे. आता घरातून काढतात की काय, या धास्तीनं आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मी तेव्हा चंद्रपूरला बारावी सायन्सला होते. दवाखान्यात भावाला सिकलसेल निघाला, आणि पुढे वर्गात नेमका तोच धडा आला. सरांनी फळ्यावर डीएनएची पिळाची शिडी काढली. तिच्यातला मजकूर आरएनए उतरवून रायबोसोमकडे नेतो, तिथं त्याबरहुकूम एकेक अमिनो आम्ल ओवलं जातं, आणि प्रथिन तयार होतं. रक्तातलं हिमोग्लोबिनही प्रथिनच. त्याच्या जनुकात एक अक्षर चुकलं की एक अमिनो आम्ल चुकतं, आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. जनुकाच्या प्रती दोन, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही चुकीच्या आल्या तरच हा आजार होतो. एकच चुकीची असली तर माणूस ठणठणीत. हे ऐकलं आणि माझं डोकंच सणकलं. इतकी वर्षं एकट्या आईला बोल लावत होते मेले!

सुट्टीत घरी गेले ती तडक ओसरीवर. आत्यासमोरच सगळं समजावलं आणि म्हटलं, "बाबा, अर्धा दोष तुमचा हाय."

"मी कधी बिमार पडलो का?" बाबा म्हणाले. "मले काऊन सांगून राह्यली?"

ठणठणीत माणसाकडूनही ते जातं, दवाखान्यात चला, कळेल, असं मी हात जोडून म्हटलं. पण कसलं काय! आई मात्र मुकाट्यानं निघाली. तिच्या रक्तात एक प्रत चुकीची निघाली. निघणारच होती. पण आत्याला तेवढंच हवं होतं. आता दवाखान्यातलेही म्हणतात, असं ती घरोघर सांगत सुटली. माझ्याच विज्ञानानं आईचा गळा कापला.

दुसरी आली, गडचिरोलीकडची. लांबची आणली, म्हणजे रक्त चांगलं असणार, हे आत्याचं डोंबलाचं शहाणपण. आईची चूल मागच्या छपरीत गेली. पुढच्या हिवाळ्यात भाऊ गेला. त्याच्या मातीलाही आत्या आईच्या माहेरावर बोललीच.

मग दुसरीला मुलगी झाली. वर्षाच्या आतच पोरीचे हातपाय सुजले, रडून रडून ती काळीनिळी व्हायची. आत्या पुन्हा ओसरीवर, आता दुसरीच्या माहेराचा उद्धार. ती बिचारी दाराआड रडत होती. माझी आई पोरीला मांडीवर घेऊन फडक्यानं तिची बोटं शेकत होती. मान वर न करता ती आत्याला म्हणाली, "बाई, माय बदलली. बाप तोच हाय."

बाबा उठून शेताकडे गेले. दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला दवाखान्यात पाठवलं ते दुसरीला.