पिपेटमधलं ऑक्झॅलिक अ‍ॅसिड

त्या काळी आम्ही पिपेट, म्हणजे द्रव मोजून घ्यायची काचनळी, तोंडानंच ओढायचो. ऐंशीच्या दशकात घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात पिपेटचा रबरी फुगा कुणी पाहिलाही नव्हता. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मैत्रिणीशी बडबडत ऑक्झॅलिक अ‍ॅसिड ओढलं आणि घोटभर सरळ घशात! आंबटढाण. हसणार होते, तेवढ्यात बाटलीकडे लक्ष गेलं. लेबलच नव्हतं.

वाट लागली! प्रयोगाचं अ‍ॅसिड अगदी सौम्य, पण तेच जहाल करून लॅबचे शिपाईमामा परमँगनेटचे डाग काढायला बेसिनपाशी ठेवायचे. दिसायला दोन्ही पाण्यासारखी. पहिलं प्यायलं तर विशेष काही नाही, दुसरं प्यायलं तर मूत्रपिंडं गेली.

सर धावत आले. ओरडले नाहीत, त्यानंच मी जास्त घाबरले. मामांना त्यांनी कँटीनमधून दूध आणायला पिटाळलं आणि ग्लास येताच माझ्या हातात दिला.

"पी आधी. ऑक्झॅलिकचे दोन अ‍ॅसिड गट एकमेकांना चिकटलेले असतात, दोघे मिळून दुधातल्या कॅल्शियमला चिमटीत धरतात. ऑक्झॅलिकचा सोडियमबरोबरचा क्षार पाण्यात विरघळतो, कॅल्शियमबरोबरचा नाही. तो पोटातच साका होऊन बसतो, रक्तात फारसा जात नाही."

"सर, मी मरणार का, तेवढं सांगा ना!"

"ते ब्युरेट सांगेल."

त्याच बाटलीतलं दहा मिली त्यांनी फ्लास्कमध्ये घेतलं, सल्फ्युरिक घालून गरम केलं आणि वरून ब्युरेटच्या तोटीच्या मापनळीतून जांभळं परमँगनेट थेंबथेंब सोडलं. सौम्य असेल तर दहा मिलीच्या आसपास गुलाबी रंग टिकणार. जहाल असेल तर ब्युरेट रिकामी झाली तरी रंग उडतच राहणार. पाच. सात. रंग यायचा नि जायचा. नऊ. दुधाचा ग्लास माझ्या दातांवर वाजत होता. थांब की रे मेल्या आता! दहा झाले, आणि पुढच्या थेंबाला फिकट गुलाबी. सरांनी फ्लास्क हलवला. रंग गेला नाही.

"सौम्यच आहे. अळूची भाजी चापली असतीस तर याहून जास्त गेलं असतं पोटात."

जीव भांड्यात पडला. सगळ्या लॅबदेखत मी भोकाड पसरलं.

मामा मात्र स्टुलावर बसूनच होते. ती बिनलेबलाची बाटली छातीशी घट्ट धरून.

"चेडवा, ती बाटली मियाच भरून ठेवलेली गो. खंयच्यातलां भरलंय, साध्यातलां की जहालातलां, आठवतच नाय होता."

एरवी मी त्यांना फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी दुधाचा अर्धा उरलेला ग्लास त्यांच्या हातात दिला.

"प्या मामा. तुम्हाला माझ्याहून जास्त गरज आहे."

ते खरंच प्यायले.