सातवं नाव

घंटा वाजवायची, मेणबत्त्या बदलायच्या आणि आलेल्या माणसाला जुनं चर्च फिरून दाखवायचं, ही तीन कामं घंटेमामांकडे आजोबांपासून चालत आलेली. तिसरं त्यांच्या खास आवडीचं. कमानी कोणी बांधल्या हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण त्यावाचून त्यांचं कधी अडलं नाही. मनोरा कलला तो दोन गवंडी भावांच्या भांडणात, असं ते बिनदिक्कत ठोकून द्यायचे.

फेरी संपायची दाराजवळच्या संगमरवरी पाटीपाशी. तिच्यावर युद्धात पडलेल्यांची एकवीस नावं. सातव्यावर बोट ठेवून मामा आवाज खाली आणायचे, "हे माझे आजोबा." लोक पाटी न वाचताच टोप्या काढायचे. पुढचं मामा गिळून टाकायचे.

पुढचं असं, की पाटी बसल्यावर सात महिन्यांनी आजोबा खांद्यावर ट्रंक घेऊन धडधाकट परत आले. पाटी वाचून म्हणाले, "नाव तरी नीट कोरलंय," आणि चौतीस वर्षं घंटा वाजवत राहिले. खरोखर गेले तेव्हा घरच्यांनी कबरीवर लाकडी क्रूस रोवला. दगड कशाला, दगड आहेच की! तो क्रूस केव्हाच कुजला. आता कबर नेमकी कुठली, हेही कोणाला सांगता येत नाही.

नव्या फादरांना जुन्या वह्या चाळायची भारी हौस. पाटीच्या दुरुस्तीसाठी जुन्या यादीवरून नावं पडताळताना मृत्यूच्या नोंदीत त्यांना एकच माणूस दोनदा सापडला.

"मामा, तुमचे आजोबा दोनदा वारले?"

"पहिल्यांदा चुकून, फादर."

"मग नाव काढावं लागेल. बाकीचे वीसजण खरोखर गेलेत हो."

"आजोबांना दुसरा दगडच नाही, फादर. इथून गेले तर ते कुठेच राहणार नाहीत."

पण पाथरवटाला निरोप आधीच गेला होता. दुसऱ्या दिवशी तो हत्यारं घेऊन आला आणि चष्मा लावून पाटीपुढे उभा राहिला.

"सातवं काढायचं ना? पण आहे कुठे ते?"

फादर, मामा आणि तो, तिघेही वाकले. वीस नावं ठसठशीत होती. सहाव्या आणि आठव्याच्या मध्ये मात्र नुसती गुळगुळीत जागा, तिरकं पाहिलं तर दोन-तीन अक्षरं.

"एवढं घासलं कोणी?" पाथरवटाने विचारलं.

मामांनी हातातलं फडकं पाठीमागे नेलं. एकतीस वर्षं, दर शनिवारी, बाकीच्यांना एक हात आणि आजोबांना पाच, वर चिमूटभर घासायची पावडर. ते मटकन पायरीवर बसले.

"मीच," ते म्हणाले, आणि त्यांना रडू आवरेना.

फादरांनी त्या जागेवरून बोट फिरवलं. मग पाथरवटाकडे वळले.

"काढू नका. चांगलं खोल कोरा. आणि खाली बारीक अक्षरांत लिहा, 'हे परत आले.'"

पाथरवटाने छिन्नी उचलली. फादरांनी मामांपुढे हात केला.

"आणि मामा, ते फडकं इकडे द्या."