फायबरच्या खांबांना वाळवी

आता आमच्या खांबांची फजिती ऐकाच. पण आधी चहा संपवा. हसताना कप सांडला तर सुषमा मलाच पुसायला लावेल.

आमच्या नवेगाव बांधला तळं आहे, समुद्र नाही. पण हे आमच्या बाबांना कोण सांगणार? त्यांनी घर बांधलं ते थेट कॅलेंडरवरच्या बंगल्यासारखं, तोही भूमध्य समुद्राकाठचा! खरबरीत नारिंगी भिंती, जिकडेतिकडे कमानी, खिडक्यांना वेलबुट्टीचं लोखंड. आणि पडवीत खऱ्या सडपातळ पिलरांवर चढवलेले चार गलेलठ्ठ फायबरचे खांब. आत भरदुपारी लाईट लावावा लागायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे मी नाक मुरडायचो, "बाबांची टेस्ट, दुसरं काय!"

पण बाबा ते खांब दर रविवारी ओल्या फडक्याने पुसत. हात लावायची कोणाची हिंमत?

बाबा आत्याकडे कोहमाऱ्याला राहायला गेले आणि माझ्या बायकोने, सुषमाने, पदर खोचला. काय नजर आहे हो तिची! भिंती गुळगुळीत, दुधासारख्या पांढऱ्या. कमानी जाऊन सरळ चौकटी. मोठ्या, साध्या खिडक्या. खांबही तिने मिस्त्रीकडून दोन फाकांत अलगद सोडवून घेतले. इतका उजेड आला, की मी आपल्याच घरात पाहुण्यासारखा दबकत फिरत होतो.

"मामाजींना फोन करून सांगून टाका," ती म्हणाली. सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, ती मामाजी म्हणते.

"वेडी आहेस का? त्यांचा जीव आहे त्या खांबांत! मी बघतो."

काय बघितलं मी? मंडईचे, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेचे, दिवस होते. गावात नाटक ठरलेलं, आणि नाटकवाल्यांना राजवाडा पाहिजे होता. देऊन टाकले खांब! म्हटलं, नजरेआड होतील. बाबा आले की सावकाश समजावू.

पण मंडईला बाबा गावात नाहीत, असं कधी झालंय का? दुपारची एसटी नेमकी स्टेजसमोर थांबली. बाबा उतरले. समोर राजवाडा! मी धावत गेलो.

"हे आपले खांब ना गा?"

"छे! नाटक कंपनीचे आहेत. नागपूरहून आणले."

तेवढ्यात स्टेजवरून मॅनेजर ओरडला, "भाऊ, तुमच्या घरचे खांब एक नंबर दिसून राहिले!"

"म्हणजे... घरचेच आहेत. वाळवी लागली होती, म्हणून काढले."

"फायबरले वाळवी?"

"आजकाल लागते, बाबा."

बाबा घराकडे निघाले. पिशवी घेऊन मी मागे. फाटकाशी ते थांबले आणि नुसते बघत राहिले. म्हातारा आता रडतो की काय, म्हणून मी खिशातला रुमाल काढून ठेवला!

सुषमा बाहेर आली. "मामाजी, मीच काढायला लावले. राग आला असेल तर मला बोला."

वाघीण आहे हो बायको माझी!

बाबा आत जाऊन खिडकीशी उभे राहिले. "किती हवा येऊन राहिली, सुषमा! मस्त केलं, बाई. आता घर वाटून राहिलं."

मी हादरलोच. "पण बाबा, तुमचे खांब? तुम्ही तर पुसायचे!"

"मले कायले आवडतीन ते? मले साधं कौलारू घर बांधाचं होतं. तू सातवीत होता. कॅलेंडर छातीशी धरून अंगणात लोळला, असंच घर पाहिजे म्हणून! जेवाले तयार नाही. मी म्हटलं, पोराची हौस आहे. तुले वाईट वाटन म्हणून आतापर्यंत पुसत राहिलो."

मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

सुषमा गोड आवाजात म्हणाली, "बाबांची टेस्ट, नाही का?"

मंडई संपली आणि नाटकवाले खांब घेऊन दारात हजर. "भाऊ, कुठे ठेवू?"

"मागच्या खोलीत," बाबा म्हणाले.

"आणि यांची उशीपण तिथेच ठेवा," सुषमा माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली.